यंत्र तयार होतं

सप्टेंबर 2025 मध्ये आयपॅडला नवी कार्यप्रणाली मिळाली. एकावर एक सरकणाऱ्या खिडक्या, वर मेन्यूची पट्टी आणि व्हिडिओ एक्सपोर्ट होत असताना दुसरं काम करण्याची मुभा, अशा तीन गोष्टी तिच्यासोबत आल्या. त्याआधी नऊ महिने, डिसेंबर 2024 मध्ये, मायक्रोसॉफ्टनं सर्फेस स्टुडिओचं उत्पादन थांबवलं होतं. चित्रकार आणि व्हिडिओ संकलक यांच्यासाठी टचस्क्रीनचं जे दशक 2015 च्या सुमारास सुरू झालं, त्याच्या शेवटाच्या या दोन बातम्या. पहिल्या बातमीचं भरपूर कौतुक झालं, दुसरी फारशी कुणी वाचलीही नाही. मला दोन्ही लागल्या, आणि कारण एकच आहे. या दहा वर्षांत सर्जक कामाची जी अडवणूक झाली, ती काचेमुळे, पेनमुळे किंवा चिपमुळे झाली नाही. यंत्र तयार होतं. काय करू द्यायचं आणि काय नाही, हे विकणाऱ्यांनी आपल्या दुकानाच्या सोयीनं ठरवलं.

या दशकाआधीचा इतिहास लांब आहे, पण या कामापुरता रिकामा. 1989 चा ग्रिडपॅड, 1993 चा न्यूटन, 2002 मध्ये विंडोज एक्सपीची खास आवृत्ती घेऊन आलेले टॅब्लेट पीसी ही सगळी यंत्रं नोंदी करण्यासाठी आणि फॉर्म भरण्यासाठी होती. 2010 चा आयपॅड पाहण्या-वाचण्यासाठी होता. अपवाद जपानच्या वाकॉम कंपनीचा. तिच्या बिनबॅटरीच्या पेनवर ॲनिमेशन आणि जाहिरात व्यवसायातल्या एका अख्ख्या पिढीचा हात तयार झाला. पण वाकॉमची पाटी संगणकाला जोडावी लागे, ती स्वतः संगणक नव्हती.

खरी गोष्ट 2012 नंतरची. मायक्रोसॉफ्टनं त्या ऑक्टोबरमध्ये विंडोज 8 आणि पहिला सर्फेस आणला. त्यातल्या आरटी आवृत्तीवर जुने प्रोग्राम चालतच नव्हते, आणि पुढच्या जुलैत कंपनीला त्यापोटी 90 कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. फेब्रुवारी 2013 चा सर्फेस प्रो मात्र वेगळा होता. त्यात वाकॉमचं पेन होतं आणि पूर्ण फोटोशॉप चालत होतं. चालत होतं, पण साडेदहा इंचांच्या दाट पडद्यावर त्याची बटणं इतकी बारीक दिसत की बोटानं धरताच येत नसत. ती मोठी करण्याची सोय ॲडोबीनं 2014 मध्ये दिली, तीही प्रायोगिक म्हणून. उलट बाजूला ॲपलनं सप्टेंबर 2015 मध्ये आयपॅड प्रो आणि पेन्सिल जाहीर केली. तिथं बोटाला शोभतील अशी बटणं होती, पडद्यावर टेकलेला तळहातही ओळखला जात होता, पण फोटोशॉप यायला नोव्हेंबर 2019 उजाडलं आणि आलं तेव्हा ते अर्धंच होतं. एकाकडे अवजार होतं पण ते हातात मावत नव्हतं, दुसऱ्याकडे हाताला बसणारी मूठ होती पण अवजाराला पातं नव्हतं.

या अंतरातून चित्रकला सुटली. त्याचं श्रेय दोन्ही बड्या कंपन्यांपेक्षा टास्मानियातल्या एका छोट्या कंपनीला द्यायला हवं. तिनं 2011 मध्ये आणलेलं प्रोक्रिएट संगणकावरून उचलून आणलेलं नव्हतं, बोटांसाठीच मांडलेलं होतं. दोन बोटं टेकली की शेवटची कृती मागे, तीन बोटं टेकली की पुन्हा पुढे. मेन्यू जवळजवळ नाहीतच. आणि पैसे एकदाच. ॲडोबीनं 2013 मध्ये मासिक वर्गणीची वाट धरल्यावर हा शेवटचा मुद्दा तरुण चित्रकारांच्या दृष्टीनं लहान नव्हता. पुस्तकांची चित्रं, मुखपृष्ठं, स्टोरीबोर्ड हे काम त्यामुळे मोठ्या प्रमाणावर टॅब्लेटवर गेलं आणि तिथंच राहिलं. योग्य मांडणी मिळाली की टचस्क्रीनवर पूर्ण दर्जाचं काम होतं, याचा हा दशकातला सर्वांत भक्कम पुरावा.

मग व्हिडिओ संकलनाचं तसं का झालं नाही? पहिलं उत्तर नेहमी असं दिलं जातं की हे काम बोटाचं नाहीच. त्यात तथ्य आहे. सेकंदात 25 फ्रेम असतात, कट नेमक्या एका फ्रेमवर बसवायचा असतो आणि ज्या जागी कापायचं तीच जागा बोटाखाली झाकली जाते. संकलकाचा डावा हात कीबोर्डवरच्या ठरलेल्या कळांवर असतो, तो काचेवर आणला की वेग जातो. पण या युक्तिवादाचं वजन मार्च 2020 मध्येच संपलं. त्या महिन्यात आयपॅडला ट्रॅकपॅडची जोड मिळाली, कीबोर्ड आधीपासून होता. त्यानंतर प्रश्न बोटाचा राहिलाच नाही. आणि लुमाफ्यूजनसारख्या छोट्या चमूच्या ॲपनं तर 2016 च्या अखेरीपासून अनेक ट्रॅकची टाइमलाइन टॅब्लेटवर चालवून दाखवली होती.

दुसरं उत्तर उष्णतेचं आणि बॅटरीचं. टॅब्लेट पातळ, पंखा नाही, म्हणून मागे चाललेलं काम थांबवावं लागतं, असं सांगितलं जायचं. हे उत्तर मला कधीच पटलं नाही, कारण ते खोडणारा पुरावा ॲपलनंच बाजारात ठेवला होता. नोव्हेंबर 2020 मध्ये एम1 चिपची मॅकबुक एअर आली. तिलाही पंखा नव्हता, पण एक्सपोर्ट मागे टाकून संकलक बिनधास्त दुसरी फाइल उघडत होता. एप्रिल 2021 मध्ये तीच चिप आयपॅड प्रोमध्ये आली. सोबत हवी तर 16 जीबी मेमरी होती, पण सुरुवातीला कुठल्याही एका ॲपला त्यातली सुमारे 5 जीबीच वापरता येत होती. चिप तीच, दोन्हीकडे पंखा नाही, मग मुभा वेगळी का? दोन यंत्रांपैकी एकानं दुसऱ्याची विक्री खाऊ नये, याखेरीज मला त्याचं कारण सापडत नाही.

पुढची दोन वर्षं याच्याच खुणा दाखवतात. डिसेंबर 2022 मध्ये डाविंची रिझॉल्व हे संकलनाचं सॉफ्टवेअर आयपॅडवर आलं. अधिकृतपणे कट आणि रंगसंगती एवढीच पानं दिसत होती, पण बाहेरचा कीबोर्ड जोडून उरलेली पानंही उघडता येतात, हे लोकांनी लगेच शोधून काढलं. मे 2023 मध्ये ॲपलचं स्वतःचं फायनल कट प्रो आलं. मॅकवर ते 2011 पासून एकदाच पैसे घेऊन मिळत होतं, इथं महिन्याला वर्गणी. मॅकवरचा प्रोजेक्ट आयपॅडवर उघडत नव्हता. बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवलेलं फूटेज थेट वापरता येत नव्हतं, ते आधी आत ओतून घ्यावं लागे. ही अट सुटायला 2024 उजाडलं. आणि एक्सपोर्ट चालू असताना दुसऱ्या ॲपमध्ये गेलं की काम तुटायचं. 4के फूटेजनं साठा तासाभरात भरतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या अटींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या बाजूचं दुःख वेगळं आहे. 26 ऑक्टोबर 2016 रोजी मायक्रोसॉफ्टनं सर्फेस स्टुडिओ दाखवला, तेव्हा या सगळ्या भांडणाचं उत्तर सापडल्यासारखं वाटलं होतं. 28 इंचांचा पडदा, एका बिजागरीवर तोललेला. ढकलला की 20 अंशांपर्यंत खाली झुकणारा, म्हणजे चित्रकाराच्या मेजासारखाच. स्टीव्ह जॉब्ज यांनी 2010 मध्ये उभ्या पडद्यावर हात दुखून येतो असं बजावलं होतं. ते बरोबरच होतं. पण पडदा उभाच का ठेवायचा, हा पुढचा प्रश्न स्टुडिओनं विचारला. दुसऱ्याच दिवशी ॲपलनं मॅकबुक प्रोवर स्पर्शाची एक अरुंद पट्टी बसवली. ती 2023 मध्ये निघूनही गेली, आणि तिच्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहायचं नाही. स्टुडिओची गोष्ट मात्र लागते. बाजाराला तो नको होता असं म्हणतात. बाजाराला काय दिलं ते तरी पाहावं. पडदा अप्रतिम, पण पायथ्यातले भाग लॅपटॉपच्या दर्जाचे, आणि 2022 मध्ये 4,499 डॉलरला विकलेल्या शेवटच्या आवृत्तीतही इंटेलचा मागच्या पिढीचा लॅपटॉप प्रोसेसर. एवढे पैसे मोजू शकणाऱ्या व्हिडिओ संकलकाला त्यात जलद रेंडर मिळत नव्हतं. कल्पना हरली नाही, तिच्यावर पुरेसा खर्च केला गेला नाही. 2021 मध्ये विंडोज 11 नं वेगळा टॅब्लेट मोडही काढून टाकला.

हे आपल्याकडे कुणाला जाणवलं, तेही सांगायला हवं. महाराष्ट्रातल्या लग्नपत्रिका, फ्लेक्स, अनेक दिवाळी अंकांची पानं विंडोजवर कोरलड्रॉ, पेजमेकर आणि श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत तयार होत आली. ही संपत्ती युनिकोडच्या आधीची, ती उचलून आयपॅडवर नेता येत नाही. आयपॅडच्या कार्यप्रणालीत आपला फाँट बसवण्याची सरळ वाटच 2019 मध्ये झाली. अशा कारागिराला हातानं अक्षर काढायचं, चित्र रंगवायचं आणि त्याच यंत्रावर जुनी फाइल उघडायची, तर विंडोजचा पेन असलेला संगणक हाच एक मार्ग होता. तो मार्ग त्याच्या मालकानंच ओसाड टाकला. व्हिडिओतही आपली लिपी मागून आली. प्रीमिअर प्रोमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन निवडावा लागे, नाहीतर वेलांटी चुकीच्या जागी आणि जोडाक्षरं फुटलेली. ॲपलच्या यंत्रांवर देवनागरी नीट उमटते, हे मान्य करायलाच हवं, आणि अनेक मराठी यूट्यूबकार त्याच कारणासाठी तिकडे वळले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

कुणी म्हणेल, उशिरा का होईना, 2025 मध्ये सगळं मिळालं ना? मिळालं ते मोजून पाहू. मे 2024 मध्ये एम4 चिपचा 11 इंची आयपॅड प्रो भारतात 99,900 रुपयांना आला. मार्च 2025 मध्ये एम4 चिपचीच मॅकबुक एअर आली, तिचीही किंमत 99,900. लॅपटॉपला कीबोर्ड आतच असतो. टॅब्लेटला तो 29,900 रुपयांचा, पेन्सिल 11,900 ची, म्हणजे सगळं मिळून 1,41,700. लॅपटॉपपेक्षा 41,800 रुपये जास्त मोजणाऱ्याला पेन मिळतं, ते लॅपटॉपला कुठल्याच किमतीत मिळत नाही. फायनल कटचा मासिक हप्ता त्याच्या डोक्यावर असतो. प्रीमिअर प्रोची पूर्ण आवृत्ती त्याच्याकडे नाही, आफ्टर इफेक्ट्स तर आयपॅडवर कधी आलंच नाही. संकलकानं वर्षानुवर्षं जमवलेले प्लगइन तिथं बसत नाहीत. नव्या खिडक्या 2021 च्या एम1 वरही चालतात, ते यंत्र आजही लोकांच्या मेजावर आहे. म्हणजे ज्यानं ते 2021 मध्ये पूर्ण किमतीला घेतलं, त्याची ही चार वर्षं कुणाच्या सोयीसाठी गेली, याचा जबाब ॲपलनं द्यायला हवा, आणि तो अजून दिलेला नाही.