उद्याची चिंता आणि आजची तरतूद

मृग नक्षत्र जवळ आले की वऱ्हाडातील कास्तकाराची नजर शेतावरून आभाळाकडे वळते. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील बहुतांश कपाशी, तूर व सोयाबीन पावसाच्या भरवशावर उभी असते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहीर खोदली तरी तिचे पाणी पिकाला मानवेलच असे नाही. पाऊस केव्हा येईल, आला तर टिकेल काय, पिकाला भाव काय मिळेल, मुलीच्या लग्नाचे कसे होईल, हे प्रश्न या भागातील घराघरांत वर्षानुवर्षे मुक्कामाला आहेत.

उद्या काय होणार हे जाणून घेण्याची ओढही येथे तेवढीच जुनी आहे. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्यतृतीयेला शेतात घट मांडून त्याभोवती धान्ये ठेवली जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी गोळा होतात. त्या भाकितामागे शास्त्रीय आधार नाही. पण तेथे जमणारी गर्दी पाहिली म्हणजे अनिश्चिततेचे ओझे किती जड असते, याची कल्पना येते. हे ओझे सर्वस्वी उतरविणे कोणाच्याही हाती नाही. तथापि त्यातील अनावश्यक भाग ओळखून तो बाजूला ठेवणे मात्र शक्य आहे.

चिंता नुकसान कशी करते?

चिंतेने पाऊस लवकर येत नाही, एवढेच नव्हे. पुष्कळदा जे टळावे म्हणून चिंता केली जाते, तेच ती घडवून आणते. मृगाची पहिली सर पडते. शेजारच्या शेतात तिफण चालू झालेली दिसते. आपण मागे पडू, या भीतीने रात्रभर झोप लागत नाही आणि जमिनीत पुरेशी ओल नसतानाच बियाणे टाकले जाते. पुढे पावसाने ओढ दिली की कोंब करपतात, दुबार पेरणीची पाळी येते आणि बियाण्यासाठी पुन्हा हातउसने पैसे काढावे लागतात. येथे नुकसानीचे एक कारण पावसाचा खंड असले, तरी दुसरे कारण घाई होय, आणि त्या घाईच्या मुळाशी चिंताच असते.

चिंतेच्या या फसवेपणाचा अभ्यास इतरत्रही झाला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी अतिचिंतेचा विकार असलेल्या २९ व्यक्तींना मनात येणाऱ्या चिंता लिहून ठेवावयास सांगितले आणि पुढे त्यांतील खरे काय ठरले, हे तपासले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ९१ टक्के भाकिते खोटी ठरली. हा अभ्यास लहान होता आणि त्यातील व्यक्ती कोरडवाहू शेतकरी नव्हत्या. वऱ्हाडातील दुष्काळाची भीती कधी कधी खरी ठरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मन रात्री जे चित्र रंगविते, ते भविष्याचे छायाचित्र नव्हे, एवढे यावरून निश्चित समजून घेता येते.

दोन प्रश्नांची कसोटी

आवश्यक काळजी आणि अनावश्यक चिंता यांतील फरक ओळखण्यासाठी मनाला दोन प्रश्न विचारावेत. या बाबतीत आपल्या हातून काही होण्याजोगे आहे काय? असल्यास ते केव्हा करावयाचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर ती चिंता नसून काम आहे. त्याचा दिवस ठरवावा. उत्तर ‘नाही’ असेल तर तिच्यासाठी झोप गमावून काहीही साधणार नाही.

बियाण्याचेच उदाहरण घ्यावे. ‘सोयाबीन उगवेल की नाही?’ ही चिंता वाटते. प्रत्यक्षात ती घरच्या घरी सोडविता येणारी बाब आहे. बियाण्याचे सरसकट १०० दाणे मोजून घ्यावेत. ओल्या केलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर ते दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, त्यावर दुसरा ओला तुकडा ठेवून गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवून अधूनमधून पाणी शिंपडावे. सुमारे आठवडाभराने गुंडाळी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा त्याहून अधिक दाणे उगवले असतील तर बियाणे पेरणीयोग्य समजावे. कमी उगवले असतील तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे किंवा बियाणे बदलावे. अनेक दिवस मनात घोळणाऱ्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने एका गोणपाटावर मिळते.

पेरणीच्या वेळेचेही तसेच आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. हा आकडा हाताशी असला म्हणजे शेजाऱ्याच्या तिफणीकडे पाहून जीव टांगणीला लावण्याचे कारण उरत नाही. कपाशीत तुरीच्या ओळी घेणे, पीक विमा मुदतीत उतरविणे, देण्याघेण्याचा हिशेब एका वहीत लिहून घरातील सर्वांना दाखविणे, ही सारी चिंतेची कामात झालेली रूपांतरेच होत. १९६९ साली अकोला येथे स्थापन झालेल्या आणि आज डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठाचे मार्गदर्शनही अशा निर्णयांसाठी उपलब्ध आहे.

गाडगेबाबांची शिकवण

याच मातीने हा विचार फार पूर्वी ऐकला आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले संत गाडगेबाबा अकोला जिल्ह्यातील दापुरे या गावी मामांच्या घरी वाढले. मामांची शेती सावकारी कर्जापायी गेल्याचे दुःख त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे कीर्तनांतून त्यांनी कर्ज काढून सण आणि लग्ने करण्यावर, नवस-सायासांवर प्रहार केले. मात्र पोटाला चिमटा घ्यावा लागला तरी मुलांना शिकवावे, असा आग्रह धरला. कर्जाची जेवणावळ उद्याची चिंता विकत आणते, तर मुलांचे शिक्षण ही उद्याची तरतूद असते, हा भेद त्यांनी निरक्षर श्रोत्यांनाही पटवून दिला. त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न व तहानलेल्यांना पाणी यांबरोबरच दुःखी व निराश माणसांना हिंमत देणे, हेही कर्तव्य सांगितलेले आहे, हे विशेष होय.

मनातील बोलावे

तरतूद करूनही काही चिंता मागे उरतात. त्यांच्यासाठी मानसोपचारात एक साधा उपाय सुचविला जातो. दिवसातील ठरावीक अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवावा. एरवी ती मनात आली तर ‘त्या वेळी पाहू’ म्हणून बाजूला सारावी आणि त्या अर्ध्या तासात सर्व काही वहीत उतरवून काढावे. ही वेळ झोपेच्या आधीची मात्र नसावी. जवळच्या माणसाशी बोलल्यानेही मनावरील भार हलका होतो.

परंतु अनेक आठवडे झोप न येणे, जेवणावरील वासना उडणे, शेतात जाण्याचे टाळणे, माणसांत न मिसळणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, ही लक्षणे दिसली तर ‘चिंता सोडा’ असा उपदेश पुरेसा नसतो. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा लोकसहभागाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबविण्यात आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूल्यमापनानुसार नैराश्य असलेल्या शंभरांपैकी आधी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षानंतरच्या पाहणीत ही संख्या २७ झाली. गावातच कोणी विचारपूस करणारे भेटले की माणसे बोलतात, हेच यातून दिसून येते. राज्य शासनाने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन अशी विचारपूस करावी, अशी योजना होती. २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर देशभर उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.

पाऊस वेळेवर येणे शेतकऱ्याच्या हाती नाही. बियाणे तपासणे, ओल पाहणे, हिशेब लिहिणे आणि शेजारचा कास्तकार चार दिवस गप्प गप्प दिसला तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसणे, हे मात्र हाती आहे. एवढे केल्यावर उरलेली चिंता रात्रीपुरती उंबऱ्याबाहेर ठेवावी. सकाळी शेतात जावयाचे असते, आणि त्यासाठी झोप झालेला माणूस लागतो.