चित्रांमुळे बोलणे खुंटत नाही

“डॉक्टर, चित्रांची सवय लावली तर तो बोलायचाच नाही ना?” स्वमग्न मुलांचे पालक मला हे हमखास विचारतात. ही भीती निराधार आहे. चित्रांमुळे वाचा खुंटत नाही. उलट काही मुले त्यातूनच शब्दांकडे वळतात. तहान लागली हे सांगता आले नाही की मूल किंचाळते, स्वतःला चावते आणि हट्टी समजून मार खाते.

अमेरिकेत अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 साली एक सोपी पद्धत बसवली. मुलाने पाण्याचे चित्र आईच्या हाती द्यायचे, आईने “पाणी” म्हणत लगेच पाणी द्यायचे. सुरुवातीला “काय हवे?” असे विचारू नये, मागे बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीने मुलाचा हात धरून मदत करावी आणि ती हळूहळू कमी करावी.

प्रथम मुलाची श्रवणचाचणी करून घ्या. मग आवडत्या खाऊचे एकच चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून सुरुवात करा. दात घासणे, आंघोळ, शाळा ही चित्रे क्रमाने भिंतीवर लावा. काम झाले की चित्र उलटे करा. हीच चित्रे शाळेतही द्या. वाचा-उपचार मात्र थांबवू नका.