बुलेटच्या तेलाला वारा

हवेवर थंड होणाऱ्या जुन्या मोटारसायकलच्या इंजिनात तेलाला दोन कामे असतात. घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरून राहायचे हे पहिले, आणि वारा पोचत नाही तिथली उष्णता उचलून बाहेरच्या कवचापर्यंत आणायची हे दुसरे. ब्लॉकच्या फिन्सना वारा मिळतो. पिस्टनच्या पोटाला आणि क्रँकच्या बिग एंडला मिळत नाही. तिथे जे काही करायचे ते तेलानेच. ऑइल कूलर म्हणजे या तेलाला इंजिनाबाहेर काढून वाऱ्यावर धरण्याची सोय: चपट्या नळ्या, त्यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ घड्या, आतून गरम तेल आणि बाहेरून हवा.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात हा प्रश्न येतो तो मुख्यतः कास्ट आयर्न बुलेटचा. म्हैसूरच्या जावा-येझदीही इथे जपल्या जातात, पण त्या टू-स्ट्रोक. त्यांचे तेल पेट्रोलबरोबर जळून सायलेन्सरवाटे निघून जाते, तेव्हा थंड करायला उरतेच काय? बुलेटचे तसे नाही. भारतीय सैन्याची 800 गाड्यांची मागणी आली आणि 1955 साली मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया उभी राहिली, तेव्हापासून 2010च्या सुमारापर्यंत हे इंजिन मूळ घडण न बदलता बनत राहिले. 350चा बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90; क्षमता 346 सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे. बीड अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने उष्णता फार सावकाश सोडते, आणि तापलेला ब्लॉक तापलेलाच राहतो.

त्यात तेलाची टाकीही इंजिनालाच चिकटलेली. त्या काळच्या ट्रायम्फ किंवा बीएसएसारख्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत तेलाची टाकी सीटखाली वेगळी असे. जाता-येता तिला थोडा वारा लागे. बुलेटमध्ये ती क्रँककेसच्याच ओतीव कामात, मागच्या बाजूला आहे. सव्वादोन लिटरच्या आसपास तेल, तेही गरम भिंतीला पाठ लावून बसलेले. 20डब्ल्यू-50 प्रतीचे तेल 40 अंश सेल्सिअसला जेवढे दाट असते, त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाइतकेच 100 अंशांना उरते. पुढे तापमान आणखी चढले की थर विरत जातो, आणि जुन्या बुलेटच्या बिग एंडमधला फ्लोटिंग बुश तर सर्वस्वी त्या थरावरच तरंगतो.

पूर्वी हे फारसे जाणवत नसे, कारण रस्ताच गाडीला विसावा देई. पुणे-बंगळूर मार्ग दुपदरी होता तेव्हा गावोगावी वेग कमी करावा लागे. बैलगाडी, उसाची ट्रॉली, तंबाखूचे ट्रक यांमागे बुलेट निवांत धडधडत राही. सुवर्ण चतुष्कोनात हा रस्ता चौपदरी झाला आणि इंजिनाचा विसावा संपला. निपाणीहून बेळगावकडे निघाले की तवंदीचा घाट लागतो. मागे माणूस, पाठीवर मे महिन्याचे ऊन आणि गाडी सलग 80च्या वेगाने: चाळीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाची ही खरी परीक्षा.

तरीही कूलर हा पहिला उपाय नव्हे. इग्निशनचे टायमिंग मागे पडले असेल, कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ असेल किंवा पॉइंटचे अंतर 0.35 ते 0.40 मिलिमीटरच्या बाहेर गेले असेल, तर इंजिन तापणारच. अशा गाडीला कूलर लावणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला नुसता पंखा लावून बसवणे. फिन्समध्ये बसलेली लाल माती आणि तेलाची खपली खरवडली, तरी पुष्कळदा निम्मे काम होते.

कूलर बसवायचाच ठरला, तर कोणत्या वाटेवर हा कळीचा मुद्दा. बुलेटच्या उजव्या बाजूला खालून निघून हेडकडे जाणारी आणि वर दुभंगून दोन्ही रॉकरना तेल देणारी बाहेरची नळी असते. सोयीची जागा तीच. बिग एंडची वाट निराळी आहे, तिला हात लावू नये. तिथे होज फुटला तर क्रँक कोरडा पडतो. रॉकरच्या नळीतून इंजिनातले सगळे तेल एकदम जात नाही, त्यामुळे तापमान थोडेच उतरते. पण जोखीमही तेवढीच कमी.

या भागाला एक अनुकूलता आहे. बेळगावचे उद्यमबाग आणि मच्छे ही फौंड्री, लेथ आणि हायड्रॉलिक्सची वस्ती. पंप, व्हॉल्व्ह आणि प्रेशरचे होज बनवणाऱ्या-जोडणाऱ्या या गावात बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) नव्याने कातून घेणे किंवा होजला टोक क्रिम्प करून घेणे ही रोजचीच बाब आहे. मात्र होज तेल सोसणाऱ्या रबराचाच हवा. पेट्रोलचा साधा पाइप गरम तेलाने फुगून मऊ पडतो. कूलर म्हणून पल्सर 220सारख्या गाडीचा चालतो. जुना घेताना एक पथ्य पाळावे: सीझ झालेल्या इंजिनावरचा कूलर कधीही घेऊ नये. त्याच्या नळ्यांत अडकलेला धातूचा कीस डिझेलने कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही.

कूलर चेसिसच्या पुढच्या उतरत्या पाइपवर, रबरी बुशांवर बसवतात. बुलेटचा थरकाप सरळ पत्र्यावर घेतला तर ब्रॅकेट तुटते. पुढच्या मडगार्डमागे फार खाली बसवला तर पावसाळ्यात चिखलाने आणि गळीत हंगामात उसाच्या पाचटाने त्याच्या जाळ्या बुजतात. बँजोच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वायसर येतात. जुनेच वापरायचे झाले तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचे, म्हणजे तांबे मऊ होते आणि नीट बसते. इथे पाना हलका धरावा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडातले आटे गेले, की उरलेला दिवस लेथवर जातो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर; इथला पावसाळा गार आणि लांबलचक. गावातल्या गावात, शहापूर ते कॅम्प एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तेल मुळातच पुरेसे तापत नाही; ओलावा उडून जात नाही आणि तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट फेस जमतो. कूलरने हा दोष वाढतो. शिवाय गार, दाट तेल कूलरच्या अरुंद नळ्यांतून रेटत रॉकरपर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर टॉप कोरडाच कुरकुरत राहतो. म्हणून 80-85 अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट मध्ये हवाच. त्याआधी तेल कूलरला वळसा घालून जुन्याच वाटेने जाते. थर्मोस्टॅट न मिळाल्यास जूनमध्ये कूलरपुढे पत्र्याचे झाकण लावून ते ऑक्टोबरात काढणे, हा त्याचा गरीब भाऊ.

जोडणी झाली की कूलर आणि होज तेलाने भरून मगच आवळावेत, आणि टाकीतली पातळी पुन्हा पाहावी. इंजिन मंद चालू ठेवून रॉकरवरचा बँजो किंचित सैल करायचा. तेल पाझरून आले तर वाट मोकळी आहे. पहिल्या दोन-तीन किलोमीटरपर्यंत कूलर हाताला गार लागला पाहिजे. घाट चढून थांबल्यावर आत जाणारा होज चटका देतो आणि बाहेर येणारा त्याहून निवळलेला असतो. दोन्ही सारखेच तापले असतील तर जाळीला वारा मिळत नाही. दोन्ही गारच असतील तर थर्मोस्टॅट अडकला आहे. शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर, इंजिन थंड असताना, प्रत्येक बँजो एकदा पुन्हा तपासतात.