सांगाडा हरवलेला राक्षस

इटलीची दुचाकी म्हटली की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना व्हेस्पा आणि लँब्रेटा ह्या स्कूटरी आठवतात. पुढे उभे राहिलेले मूल, मागे आडवी बसलेली गृहिणी आणि हँडलला अडकविलेली भाजीची पिशवी, असे ते कुटुंबवत्सल वाहन! परंतु ह्याच इटलीत मोटारसायकलीवर जीव ओवाळून टाकणारा एक निराळा पंथ नांदतो आणि त्याचे अनुयायी आज जगभर पसरलेले आहेत. बोलोन्या शहरातील डुकाटी कारखान्याची ‘मॉन्स्टर’, म्हणजे राक्षस, ही गाडी त्या पंथाच्या आराध्य दैवतांपैकी एक होय.

२ डिसेंबर २०२० रोजी ह्या राक्षसाचा नवा अवतार जाहीर झाला. महामारीमुळे मिलानचे वार्षिक प्रदर्शन त्या साली भरलेच नाही. तेव्हा कारखान्याने चित्रफितीतूनच गाडीचे दर्शन घडविले. नवी गाडी आधीच्या ‘८२१’ ह्या गाडीपेक्षा तब्बल १८ किलोंनी हलकी होती. ९३७ घनसेंटिमीटरचे इंजिन, १११ अश्वशक्ती आणि कोरडे वजन अवघे १६६ किलो! वास्तविक चाहत्यांनी पेढे वाटावयास हवे होते. प्रत्यक्षात मात्र त्यांच्यापैकी कित्येकांनी जणू सुतकच धरले. कारण एवढेच की, मॉन्स्टरची ओळख बनून राहिलेला पोलादी नळ्यांचा जाळीदार सांगाडा नव्या गाडीतून नाहीसा झाला होता.

एका सांगाड्यापायी भल्या भल्या माणसांनी एवढे हळहळावे, ही गोष्ट दुरून पाहणाऱ्यास हास्यास्पद वाटेल. पण ती नीट समजून घेतली, तर त्या हळहळीत बरेच तथ्य होते असे आढळून येते.

काटकसरीतून जन्मलेली गाडी

मॉन्स्टर ज्या जातीची गाडी आहे, तिला इंग्रजीत ‘नेकेड’ म्हणतात. ह्या शब्दाने वाचकांनी दचकून जाण्याचे कारण नाही. जिच्या अंगावर वारा कापणारे कवच नाही, जिचे इंजिन आणि सांगाडा उघड्यावर दिसतात, ती नेकेड मोटारसायकल. त्या अर्थाने आपल्याकडील राजदूत, जावा, येझदी आणि बुलेट ह्या सर्व उघड्याच गाड्या. फरक इतकाच की, त्यांना कवच घालावे असे कोणाच्या मनातही आले नव्हते. १९८० नंतरच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांचे अनुकरण करण्याच्या हौसेने युरोप-जपानमधील वेगवान मोटारसायकली नखशिखांत प्लॅस्टिकच्या आवरणात दडल्या. तेव्हापासून उघडे राहणे ही सहज स्थिती उरली नाही; ती हेतुपुरस्सर केलेली निवड झाली.

ही निवड डुकाटीसाठी केली ती मूळच्या अर्जेंटिनातील मिगेल गालुत्सी ह्या आरेखकाने. मोटारसायकलीला लागते काय? खोगीर, टाकी, इंजिन, दोन चाके आणि हँडल. बाकीचे सारे काढून टाकावे, अशी त्याची साधी धारणा होती. त्या वेळी डुकाटी कारखाना कास्तिल्योनी बंधूंच्या ‘काजिवा’ कंपनीकडे होता. नव्या गाडीचा प्रत्येक भाग नव्याने घडविण्याऐवजी गालुत्सीने घरात जे होते तेच वापरले. ९०४ घनसेंटिमीटरचे, हवेवर थंड होणारे इंजिन ‘९०० सुपरस्पोर्ट’चे होते, पुढचे फोर्क ‘७५० सुपरस्पोर्ट’चे होते आणि सांगाडा ‘८५१’ ह्या शर्यतीच्या घराण्यातील गाडीवरून घेतलेला होता. अचानक दारात पाहुणे आल्यावर डब्यांतील जिन्नसांतूनच सुग्रास पान वाढणाऱ्या गृहिणीचे कौशल्य आपण जाणतोच. हे कौशल्य त्याच जातीचे. त्यावर त्याने गव्याच्या पाठीसारखी फुगीर टाकी बसविली. १९९२ च्या शरदात कोलोनच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांनी प्रथम पाहिली आणि १९९३ पासून ती विक्रीस आली. पुढे २०२० पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक मॉन्स्टर गाड्या विकल्या गेल्या. कारखान्याला तिने जगविले असे म्हटले, तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नळ्यांचे रहस्य

ज्या सांगाड्यासाठी एवढा शोक झाला, तो होता तरी कसा? जुन्या कौलारू घराच्या छपराखालची कैची किंवा रेल्वेचा लोखंडी पूल डोळ्यांपुढे आणावा. आखूड, सरळ नळ्या एकमेकींना जोडून त्रिकोणांची मालिका उभी केली, की कमी वजनात मोठी ताकद साधते. कारण चौकोन दाबाखाली कलतो, त्रिकोण आपला आकार सोडीत नाही. ह्या पिंजऱ्याखाली इंजिन टांगलेले असे आणि तेही भार उचलण्याच्या कामी येई. १९७९ च्या ‘पँटाह’पासून डुकाटीच्या गाड्यांत ही रचना रुळली. २००७ साली केसी स्टोनरने मोटोजीपीचे जगज्जेतेपद मिळविले, ते अशाच पोलादी जाळीच्या गाडीवर. शिवाय उघड्या गाडीत ही जाळी बाहेरून स्पष्ट दिसे. रस्त्याने जाणाऱ्याने दुरून पाहावे आणि इंजिनाचा आवाज येण्यापूर्वीच ‘डुकाटी!’ म्हणून ओळखावे, अशी तिची ख्याती होती.

नव्या गाडीत तिच्या जागी ॲल्युमिनियमचा एक आखूड तुकडा आला. तो थेट इंजिनाच्या सिलिंडरांच्या माथ्यांना बोल्टांनी जखडलेला असतो आणि त्याचे वजन केवळ तीन किलो, म्हणजे जुन्या सांगाड्यापेक्षा साडेचार किलो कमी आहे. मागचा, बैठक तोलून धरणारा भाग काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लॅस्टिकचा झाला. हिशेबाच्या वहीत हा बदल निर्विवाद फायद्याचा होता.

दोन पक्ष

चाहत्यांत तत्काळ दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, जाळी गेली तेथे मॉन्स्टर संपला. टाकीवरचे नाव झाकले, तर ही गाडी कोणत्याही जपानी किंवा ऑस्ट्रियन कारखान्याची म्हणून खपेल. दुसरा पक्ष म्हणे की, गाडी पाहण्यासाठी नसते, चालविण्यासाठी असते. अठरा किलोंचे ओझे उतरले हे वळणावळणाच्या घाटात कळेल. हलक्या अंगाच्या आणि नवशिक्या चालकांना, विशेषतः स्त्रियांना, ती अधिक सोयीची होईल, हाही मुद्दा पुढे आला. २०२१ साली परीक्षकांच्या हाती गाडी पडली, तेव्हा तिचा हलकेपणा आणि वळणावरची चपळाई बहुतेकांनी वाखाणली. तरीही पहिल्या पक्षाचे समाधान झाले नाही. होणार तरी कसे? त्यांची तक्रार गाडीच्या चालीविषयी नव्हतीच मुळी!

तिला पूर्वपीठिकाही होती. २००१ च्या ‘एस-४’ मॉन्स्टरमध्ये पाण्याने थंड होणारे इंजिन आले, तेव्हा रेडिएटर आणि त्याच्या नळ्यांचे जंजाळ पाहून जुन्या मंडळींनी अशीच नाके मुरडली होती. आणि २०२० च्या ह्या घोषणेच्या काही आठवडे आधी आणखी एक धक्का बसला होता. फाबिओ तालिओनी ह्या थोर अभियंत्याने १९५६ साली डुकाटीच्या शर्यतीच्या गाडीत ‘डेस्मोड्रोमिक’ रचना आणली होती. तीत इंजिनाची झडप स्प्रिंगच्या जोरावर मिटत नाही, तर यांत्रिक दांडीने ओढून मिटविली जाते. त्या काळच्या स्प्रिंगा अतिवेगात मागे पडत, त्यावरचा हा तोडगा होता. ‘मल्टिस्ट्राडा व्ही-४’ ह्या नव्या गाडीत कारखान्याने ही पद्धती सोडून स्प्रिंगा परत आणल्या आणि झडपांची तपासणी ६०,००० किलोमीटरांवर नेली. मालकाच्या खिशाला हे मानवणारेच होते. मॉन्स्टरमध्ये डेस्मो राहिली खरी, पण एकामागून एक कुलचिन्हे उतरविली जात आहेत, ही चाहत्यांच्या मनात घर करून बसलेली भीती काही निराधार नव्हती.

वारसा कशात असतो?

आता निवाडा कसा करावयाचा? मौज अशी की, ज्या सांगाड्याला भक्तांनी मॉन्स्टरचा आत्मा मानले, तो मुळात उसना होता. गालुत्सीने तो शर्यतीच्या गाडीवरून घेतला, कारण १९९२ साली कारखान्याजवळचे उत्तम ते तेच होते. २०२० च्या आरेखकांनीही नेमके तेच केले. त्यांनी आखूड ॲल्युमिनियम सांगाड्याची कल्पना उचलली ती ‘पानिगाले व्ही-४’ ह्या त्यांच्या सर्वोत्तम वेगवान गाडीवरून. ह्या दृष्टीने पाहता, नळ्या टाकून देणाऱ्यांनीच मूळ रीत पाळली, असे म्हणावे लागते. हा कारखानाच मुळी १९२६ मध्ये रेडिओचे सुटे भाग करण्यासाठी निघाला आणि १९४६ मध्ये सायकलीला जोडावयाच्या ‘कुचोलो’, म्हणजे ‘पिल्लू’, नावाच्या चिमुकल्या इंजिनाने दुचाकीच्या जगात शिरला. प्रत्येक पिढीने आधीचे काहीतरी सोडले, म्हणूनच तो टिकला.

तथापि, शोक करणाऱ्यांचेही एक म्हणणे खोडून काढता येत नाही. कवचधारी गाडीत सांगाडा बदलला काय किंवा राहिला काय, पाहणाऱ्यास कळत नाही. उघड्या गाडीत मात्र हाडे हाच चेहरा असतो. उघडेपणाचे व्रत घेतलेल्याने जे दाखवावयाचे ते दाखविण्याजोगे करावे, ही त्या व्रताची अट आहे. जुन्या मॉन्स्टरने ती पाळली होती. नव्या गाडीचा सांगाडा टाकीच्या खाली, कडेच्या भागांआड दडून गेला. एक सुंदर उसनी वस्तू काढून घेताना तिच्या जागी डोळा ठरेल असे काही ठेवले गेले नाही, हीच खरी उणीव होय. चाहत्यांनी ‘नळ्या परत द्या’ असे म्हटले, त्याऐवजी ‘पाहण्यासारखे काही द्या’ असे म्हटले असते, तर त्यांची बाजू अधिक बळकट झाली असती.

अठ्ठावीस वर्षे लोकांनी पदरचे पैसे मोजून जिला घरी आणले, मुलांना जिचे नाव शिकविले, त्या वस्तूच्या रूपाबद्दल दोन शब्द बोलण्याचा अधिकार त्यांना पोहोचतो. कारखान्याने तो ऐकून घ्यावा. ऐकलेले सारेच करावे असे मात्र नाही. कारण सारेच ऐकून गाडी करावयाची म्हटले असते, तर ऐन कवचांच्या काळात कवच काढून टाकणारा तो पहिला राक्षस कधी जन्मालाच आला नसता.