पतपत्रातील मालाचे वर्णन आणि निर्यातीचे बीजक

सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण. येथील बाजार कांद्यासाठी सर्वांच्या परिचयाचा असून तालुक्यातील आगाप द्राक्षे व डाळिंबेही परदेशी जातात. पूर्वी माल व्यापाऱ्याच्या हवाली केला, की शेतकऱ्याचे काम संपत असे. हल्ली शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतः निर्यातीत उतरू लागल्या आहेत. आणि त्यामुळे जी कागदपत्रे पूर्वी मुंबईच्या पेढीतील अनुभवी कारकून पाहत असे, ती आता गावातील तरुणांच्या हाती आली आहेत. माल उत्तम पिकविणे, प्रतवारी नीट करणे व वेळेवर रवाना करणे या गोष्टी आपल्याकडे चांगल्या साधल्या आहेत. परंतु बीजकावरील एका ओळीमुळे संपूर्ण मालाचे पैसे अडकू शकतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

परदेशातील ग्राहकाला आपण ओळखत नाही व तोही आपल्याला ओळखत नाही. अशा वेळी दोघांच्या मध्ये बँक उभी राहते. ग्राहक आपल्या बँकेकडून एक पत्र काढवितो. ‘अमुक माल रवाना केल्याची अमुक कागदपत्रे अमुक तारखेपर्यंत सादर केल्यास एवढी रक्कम आम्ही देऊ,’ असे वचन बँक त्यात देते. यालाच पतपत्र किंवा बोलण्यात ‘एल. सी.’ म्हणतात. बांगलादेशातील कांद्याचे आयातदार बहुधा याच पद्धतीने व्यवहार करतात. युरोपात जाणारी द्राक्षे मात्र पुष्कळदा पतपत्राविना, विक्री झाल्यावर हिशेब या बोलीवर जातात. त्या व्यवहाराचे धोके निराळे आहेत व त्यांचा विचार येथे केलेला नाही.

येथे एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे. बँक कांदा पाहत नाही. ती कागद पाहते. गोणीत उत्कृष्ट माल आहे किंवा नाही, याच्याशी तिचा संबंध नसतो. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने पतपत्रांसाठी केलेले एकसमान नियम जगभरच्या बँका पाळतात. त्यांची ६०० क्रमांकाची आवृत्ती १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिच्या १८ व्या कलमानुसार बीजकातील मालाचे वर्णन पतपत्रातील वर्णनाशी जुळलेच पाहिजे. इतर कागदांना, म्हणजे जहाजाची पावती, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र इत्यादींना, थोडी सवलत आहे. त्यांत वर्णन सर्वसाधारण शब्दांत असले तरी चालते, मात्र ते पतपत्राच्या विरोधी असता कामा नये. बीजकाला ही सवलत नाही.

या कडकपणाचे एक जुने उदाहरण भारतातील शेतमालाचेच आहे. मद्रासहून डेन्मार्कला जाणाऱ्या सुमारे १,४०० टन भुईमुगासाठी लंडनच्या हॅम्ब्रो बँकेकडे पतपत्र आले होते. त्यात मालाचे नाव ‘कोरोमंडल भुईमूग’ असे होते. विक्रेत्या रेनर कंपनीने बीजकात तेच शब्द लिहिले. परंतु जहाजाच्या पावतीवर ‘यंत्राने फोडलेले शेंगदाणे’ असे पडले. लंडनच्या व्यापारी पेठेत हे दोन्ही शब्द एकाच मालाचे मानले जात. तरीही बँकेने पैसे नाकारले, आणि १९४३ च्या कायदेवृत्तांत नोंदलेल्या निकालात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने बँकेचेच बरोबर ठरविले. व्यापाऱ्यांची बोली जाणून घेणे हे बँकेचे काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

आता हेच बागलाणात आणून पाहावे. पतपत्रात ‘थॉम्पसन सीडलेस’ द्राक्षे लिहिलेली आहेत व बागेतून सोनाका तोडली. सोनाका ही थॉम्पसनमधूनच निघालेली जात आहे, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. परंतु बीजकात ‘सोनाका’ लिहिले, तर बँकेच्या दृष्टीने तो दुसरा माल झाला. त्याचप्रमाणे आपण ज्याला उन्हाळ कांदा म्हणतो, तो पतपत्रात ‘ताजा लाल कांदा, आकार ४५ ते ५५ मिलिमीटर, २५ किलोच्या जाळीदार गोणीत’ असा असू शकतो. बीजक लिहिणाऱ्याने सवयीने ‘उन्हाळ कांदा, ४५ मिलिमीटरच्या वर’ असे लिहिले, की विसंगती निर्माण झाली. कांदा तोच, चाळ तीच. पण कागद दोन.

अर्थात पतपत्राचा आरसा बीजकात दिसला पाहिजे, असेही नाही. शब्दांचा क्रम बदलला किंवा वर्णनाचा काही भाग बीजकाच्या दुसऱ्या रकान्यात आला, तरी सर्व मिळून वर्णन जुळत असल्यास बँका ते मान्य करतात. अर्थ न बदलणारी अक्षराची चूकही चालते. आकड्यांची चूक मात्र चालत नाही. ४५ च्या जागी ५४ पडले, तर तो हस्तदोष आहे असे बँक समजून घेणार नाही. तसेच जादा माहिती देताना मालाचा प्रकार किंवा प्रत बदलेल असा शब्द टाकू नये. ‘ताजा कांदा’ असताना ‘साठवणीतील ताजा कांदा’ असे लिहिणे म्हणजे विनाकारण शंकेला जागा देणे होय. ग्राहकाला खूश करण्यासाठी चार गोण्या पांढरा कांदा फुकट पाठविण्याची हौसही महागात पडते. पतपत्रात नसलेला माल, फुकट असला तरी, बीजकात दाखविता येत नाही.

वजनाच्या बाबतीत नियम थोडे उदार आहेत आणि कांद्यासारख्या घटणाऱ्या मालात ते उपयोगी पडतात. पतपत्रात २९ मेट्रिक टन असे वजन असेल, तर ५ टक्के कमीअधिक चालते, म्हणजे २७.५५ टनांपर्यंतचा माल मान्य होतो. मात्र मागितलेली रक्कम पतपत्राच्या रकमेवर जाता कामा नये. ‘सुमारे’ हा शब्द परिमाणाला जोडलेला असेल, तर हीच मुभा १० टक्के होते. परंतु तेथे ‘१,१६० गोण्या’ असे लिहिलेले असेल, तर नगांच्या संख्येला ५ टक्क्यांची मुभा लागू होत नाही. प्रतवारीत सहा गोण्या बाद झाल्या व १,१५४ गेल्या, तर ती विसंगतीच. म्हणून करार करतानाच परिमाण टनांत घालून घ्यावे व गोणीचे वजन केवळ भरणीच्या वर्णनात ठेवावे. वर्णनही शक्य तितके थोडके असावे. दहा विशेषणे घातल्याने माल मोठा होत नाही. चुकण्याच्या जागा तेवढ्या वाढतात.

विसंगती निघाल्यास काय होते? कागद तपासण्यास बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस असतात. दोष आढळल्यास ती नकार कळविते व बहुधा आकारही कापते. पतपत्राची मुदत आणि माल रवाना झाल्यापासूनचे २१ दिवस (पतपत्रात दुसरी मुदत दिलेली नसल्यास) शिल्लक असतील, तर बीजक दुरुस्त करून पुन्हा सादर करता येते. नाही तर ग्राहकाने दोष माफ करावा लागतो, आणि खरी अडचण येथेच आहे. तेवढ्या अवधीत तिकडचा भाव उतरला असेल, तर ग्राहक किमतीत सूट मागतो. माल बंदरात पडून असतो, भाडे चढत असते, कांद्याला कोंब फुटू लागतात; शेतकऱ्यांच्या कंपनीला ती सूट देण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

एक सूचना ओघाने. पतपत्र हातात आहे म्हणून निर्यात होईलच, असे समजू नये. १४ सप्टेंबर २०२० रोजी व पुन्हा ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. अशा वेळी बँकेचे वचन सरकारी आदेशाच्या आड येऊ शकत नाही.

पतपत्र आले, की ते प्रथम मालाच्या दृष्टीने वाचावे. बीजकाचा विचार नंतर. जो माल आपण देऊ शकत नाही त्याचे वर्णन असेल, तर ग्राहकाला लिहून पतपत्रात दुरुस्ती करवून घ्यावी, आणि ती दुरुस्ती बँकेमार्फत हाती येईपर्यंत कंटेनर भरू नये. फोनवरील होकार बँक मानत नाही. माल निराळा असताना पतपत्रातील शब्द तसेच उतरवून देणे ही लबाडी आहे व तिचे उत्तर कराराखाली आणि न्यायालयात द्यावे लागते, हेही गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजावून सांगावे. बीजक तयार झाल्यावर दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने पतपत्रातील वर्णन, ग्राहकाचे नाव, चलन व दर मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने बीजकावर बोट ठेवून प्रत्येक शब्द व आकडा ताडून पाहावा. या कामास अर्धा तास पुरतो. तो कंटेनरला सील लावण्यापूर्वी काढावा, कारण त्यानंतर गोण्यांची संख्या बदलता येत नाही.