संगणकावरील नित्याचे कागद हाताशी कसे ठेवावेत?

अतिवृष्टीनंतर पंचनामे सुरू झाले म्हणजे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या टेबलाभोवती शेतकऱ्यांची गर्दी होते. गट क्रमांक व बाधित क्षेत्र यांची यादी संगणकात असते खरी. परंतु ती कोठे ठेवली, याचाच शोध चालतो. एक फोल्डर उघडावे, त्यातील दुसरे उघडावे, 'नवी यादी', 'नवी यादी २', 'अंतिम यादी' यांतून खरी कोणती ते पाहावे, यात वेळ जातो आणि समोरचा शेतकरी मजुरी बुडवून तिष्ठत राहतो. नित्य लागणारे खुरपे कोणी कणगीच्या तळाशी ठेवीत नाही.

विंडोज प्रणालीत पडद्याच्या तळाशी जी पट्टी दिसते, तिला टास्कबार म्हणतात. ती विंडोज ९५ बरोबर १९९५ साली आली. २००९ सालच्या विंडोज ७ पासून तीवर आवडीचे प्रोग्रॅम टाचून ठेवण्याची सोय झाली. प्रोग्रॅम चालू असता पट्टीवरील त्याच्या चित्रावर माऊसची उजवी कळ दाबावी व 'पिन टू टास्कबार' निवडावे. पुढे विंडोजची कळ दाबून धरून १ चा आकडा दाबला की डावीकडून पहिला टाचलेला प्रोग्रॅम उघडतो, २ ने दुसरा. याच चित्रावर उजवी कळ दाबल्यास अलीकडे उघडलेल्या दस्तऐवजांची यादी बहुधा दिसते. त्यातील नित्याचा दस्तऐवजही तेथेच टाचता येतो. 

फोल्डरांसाठी २०१५ सालच्या विंडोज १० पासून 'क्विक अ‍ॅक्सेस' आहे. फोल्डरावर उजवी कळ दाबून 'पिन टू क्विक अ‍ॅक्सेस' निवडावे. विंडोजची कळ व ई ही अक्षरकळ एकत्र दाबताच उघडणाऱ्या खिडकीत ते डाव्या बाजूस दिसते.

डेस्कटॉपवर शॉर्टकटही ठेवता येतो; मात्र येथे सावध असावे. ज्या चित्राच्या कोपऱ्यात लहानसा बाण असतो, तो शॉर्टकट होय. तो केवळ मूळ दस्तऐवजाचा पत्ता आहे, दस्तऐवज नव्हे. घाईघाईने तोच पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, तर तालुक्याच्या ठिकाणी गेल्यावर काहीच उघडत नाही. खेप वाया जाते आणि मुदतही टळू शकते. यास्तव शॉर्टकटवर उजवी कळ दाबून 'ओपन फाइल लोकेशन' निवडावे, मूळ दस्तऐवज उतरवावा व निघण्यापूर्वी तो पेनड्राइव्हवरूनच उघडून पाहावा.

याउलट, बाण नसलेला दस्तऐवज डेस्कटॉपवर असेल तर तो मूळच समजावा. पडदा स्वच्छ करण्याच्या भरात असे दस्तऐवज पुसले जातात. ते आधी योग्य फोल्डरात हलवावेत.

हंगाम संपल्यावर खरिपाचे फोल्डर 'अनपिन' करून रब्बीचे टाचावे. अनपिन केल्याने मूळ फोल्डर जागच्या जागी राहते.