जोडखात्यातले पैसे कोणाचे?

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ; कुठल्याही तालुक्यात म्हाताऱ्या आईवडिलांच्या खात्याला जवळ राहणाऱ्या मुलाचे नाव जोडलेले असते. वडील वारले की वाद उभा राहतो: नाव माझे, म्हणून पैसेही माझे?

‘दोघांपैकी एक किंवा हयात असेल तो’ अशी सोय असेल, तर बँक हयात खातेदाराला रक्कम देऊन मोकळी होते. पण तो रक्कम घेतो ती वारसांचा विश्वस्त म्हणून. नॉमिनीचेही तसेच. रामचंदर तलवार खटल्यात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नॉमिनी खात्याचा मालक होत नाही. 2023 साली महाराष्ट्रातल्या साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात शेअर व म्युच्युअल फंडांबाबतही हाच निर्णय आला.

मृत्युपत्र नसल्यास हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे मृताची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा वडिलांच्या पैशावर सारखा हक्क असतो. लग्न झालेली मुलगीही त्यात आली. वाद मिटला नाही, तर दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावे लागते.

म्हणून हयातीतच मृत्युपत्र करा, आणि बहिणीला विचारल्याशिवाय पैसे काढू नका.